काचेवरचे तीन ठिपके

मोटारीच्या समोरच्या फळीवर काटे आणि तबकड्या असाव्यात की नसाव्यात, हा वाद त्या काळी आमच्या नारायणगावच्या अड्ड्यावर रोज चाले, आणि नसाव्यात म्हणणाऱ्यांचा पुढारी मी होतो. साधा पुढारी नव्हे, चांगला भांडकुदळ. दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नसे. आज मी नेमका उलट्या बाजूला उभा आहे आणि तिथेही तेवढ्याच तोंडाने भांडतो. मधे काय घडलं ते सांगायला हवं, नाहीतर लोक मला सरड्याच्या जातीचा समजतील.

जुन्नर ते खेड अशी सर्व्हिस मोटार तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मालक जुन्नरच्या बाजारपेठेतले एक मुसलमान व्यापारी होते. त्यांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद बनवायचा धंदा होता. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो. मोटार चालवणारा मी. पहिल्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला जाऊन मोटार शिकून आलेलो; आमच्या बाजूला दुसरा डायव्हर नव्हता, त्यामुळे माझा रुबाब मामलेदाराच्या वर एक बोटभर असे. मोटार मुक्कामाला नारायणगावाशेजारच्या वारूळवाडीत माझ्या दारात उभी राही. सकाळी ती रिकामी जुन्नरला न्यायची, तिथे उतारू आणि बटाट्याची पोती भरायची, मग नारायणगाव, मंचर, पुढचा घाट चढून खेड, आणि दिवस मावळायच्या आत माघारी.

त्या मोटारींचा गिअर आताच्यासारखा गुणी नव्हता. वरचा गिअर सोडून खालचा घ्यायचा म्हणजे क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, पेट्रोलच्या पायाने इंजिनाला नेमका जोर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा खालच्या घरात सारायचा. इंजिनाची धाव आणि चाकांची धाव जुळली तर दांडा गुपचूप बसे. नाही जुळली तर आतले दाते एकमेकांवर घासून असा खर्रर्र आवाज निघे की मागच्या बाकावरची बाळं रडायला लागत. आमचे लोक त्याला मोटार दात खाते म्हणत. डायव्हर कसा आहे हे ते त्यावरून ठरवत, आणि माझी मोटार दात खात नसे. मी इंजिनाचा सूर कानाने धरायचो. सूर बसला की हात आपोआप पुढे जाई.

शेठनी मोटार मुंबईहून आणली तेव्हा तिच्या फळीवर वेग दाखवणारा पितळी काटा होता. शेठना त्याचं भारी कौतुक. पाहुण्यांना मोटारीपाशी नेऊन ते आधी काटा दाखवत आणि मग चाकं. पहिल्याच आठवड्यात मी त्याची तार सोडवली, तबकडी उचकटून सीटखाली टाकली आणि त्या जागी खिळा ठोकून माझी खाकी टोपी टांगली.

शेठ म्हणाले, "काटा कुठं गेला रं डायवर?"

"शेठ, कान हायेत तवर काट्याचं काय काम? बैल हाकताना तुमी बैलाच्या पाठीवर घड्याळ बांधता व्हय?"

सगळा अड्डा हसला. शेठही हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मला त्याचाही आनंदच झाला.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात माझे दोन्ही कान फुटले. ठणका असा की भिंतीवर डोकं आपटावं. मग ताप आला. आठदहा दिवसांनी ताप उतरला, ठणका थांबला, आणि मी मोठ्या खुशीत मोटारीवर बसलो. काय सांगू, मोटार इतकी शांत चालत होती! मला वाटलं, निघताना मी नवं तेल घातलं त्याचाच हा गुण. मंचरला उतरून मी चार जणांना हाताला धरून इंजिनापाशी नेलं आणि म्हणालो, "ऐका राव, कसं मांजरावाणी चालतंय!" ते चौघे माझ्याकडे टकामका बघत राहिले. पुढे घाटात मोटारीने तीनदा दात खाल्ले, हे मला मागाहून कळलं; तेव्हा मी सूर बसल्याच्या तोऱ्यात मिशीवरून हात फिरवत होतो.

ओळखलं ते माझ्या बायकोने. त्याच दिवशी दिवेलागणीला मी ओसरीवर पाठमोरा बसलो होतो आणि ती आतून हाका मारत होती. मी काही ओ देईना. तेव्हा तिने माझ्या मागे येऊन पितळी परात जमिनीवर आपटली. मी आपला बिडी ओढत राहिलो. मग ती समोर आली, माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडली, "अवं, तुमाला ऐकू येत न्हाई!"

तेवढं ओरडलं तेव्हा कुठे लांबून विहिरीतून आल्यासारखं काहीतरी आलं. मी भडकलो. तूच हल्ली पुटपुटतेस, म्हणालो. तिने वाद घातला नाही. परात माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि पुन्हा सोडली. परात पडली, कडेवर गरगर फिरली, थरथरत आडवी झाली, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्या क्षणी मी जितका घाबरलो तितका बसऱ्याला तोफांच्या तोंडीही घाबरलो नव्हतो. मोटार गेली तर मी कोण? शेत भावांनी वाटून घेतलेलं, हाताला दुसरं काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी मला नको होतं. मला ती मोटार हवी होती.

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही शपथ घातली. रस्त्यात धोका होईल अशी भीती मला वाटत नव्हती, कारण रस्त्यावर असत बैलगाड्या, आणि बैलगाडीला कुठे भोंगा असतो? डोळे उघडे ठेवले की झालं. पण गिअर डोळ्यांनी दिसत नाही. मी अंदाजाने दांडा सारायचो आणि मग वळून उतारूंची तोंडं पाहायचो. तोंडं वाकडी झालेली असली की समजायचं, खाल्ले दात.

पंधरा दिवसांत बातमी शेठकडे गेली. ते एका खेपेला स्वतः येऊन बसले आणि घाटाच्या माथ्यावर उतरून माझ्या तोंडाशी येऊन ओरडू लागले. इतक्या जवळून ओरडले म्हणून निम्मं मला कळलं, निम्मं बायकोने गावातून ऐकून आणलं, ते असं. गिअरचं आतलं दातेरी चाक तुटलं तर मुंबईहून दुसरं येईपर्यंत मोटार जागेवर बसेल. मी दारू प्यायला लागलो आहे. दसऱ्याला पुण्याहून दुसरा डायव्हर येणार आहे. दारुडा म्हणवून घेतलं, पण बहिरा आहे हे तोंडातून निघालं नाही. इतका माझा ताठा.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर बायको मोटारीच्या सीटखाली शिरलेली. धुळीने माखलेली ती पितळी तबकडी आणि तिची लवचीक तार घेऊन बाहेर आली आणि माझ्या कानात ओरडली, "कान गेलं तर गेलं. डोळं हायेत न्हवं?"

मी कपाळावर हात मारला. तिला समजावलं, की हा काटा चाकांची धाव सांगतो, आणि मला हवी आहे इंजिनाची. ती पुन्हा कानात ओरडली, "मंग इंजिनाचा आणा की."

इतकं सोपं! मी हसलो. आणि मग हसू थांबल्यावर लक्षात आलं, की जुन्नरच्या घड्याळजींच्या दुकानात भिंतीवर तसलाच एक काटा मी पाहिला आहे.

त्या म्हाताऱ्या घड्याळजींना अख्खं जुन्नर चाचा म्हणे. कुठल्याशा गिरणीचं इंजिन मोडीत निघालं तेव्हा त्याचे फेरे मोजणारी तबकडी त्यांनी शोभा म्हणून आणून टांगली होती. बायकोने पदर सावरून त्यांना सगळं सांगितलं. मी चोरासारखा उभा. माझ्या बढाया चाचांनी किती वेळा ऐकल्या असतील, आता हा माणूस मला सोलून काढणार, अशी माझी खात्री होती. पण ते हसले नाहीत. काय म्हणाले ते मला बायकोने वाटेत सांगितलं. "कान म्हंजी तरी काय, काटाच की. एक बंद पडला, दुसरा बसवू."

चार रात्री ते वारूळवाडीला येऊन, खेप संपली की कंदिलाच्या उजेडात माझ्या दारात मोटारीखाली पडून होते. मी उचकटलेल्या काट्याचीच तार त्यांनी कामाला लावली. तिचं एक टोक इंजिनाच्या फिरत्या दांड्याला जोडलं, दुसरं गिरणीच्या तबकडीला, आणि तबकडी नेमकी माझ्या टोपीच्या खिळ्याजागी बसवली. शिवाय मागचं दिसावं म्हणून त्यांनी एक हातभर आरसाही लावून दिला. इंजिन सुरू केलं आणि काटा उठला. मी पाय दाबला, तो वर गेला. सोडला, खाली आला. महिनाभरात पहिल्यांदा माझं इंजिन माझ्याशी बोललं. मी तिथे चाचांचे पाय धरले आणि रडलो, हे लपवण्यात आता काही अर्थ नाही.

पण काटा बोलतो ते कळायला तर हवं. नेमका कुठे आला की दांडा सारायचा? ते सांगायला कान लागतो, आणि घरात कान एकच होता, बायकोचा. तिने जन्मात मोटार चालवली नव्हती, पण रोज पहाटे जातं ओढत होती. जात्यात दाणे किती आहेत, जातं रिकामं फिरतंय का, मूठ जास्त पडून अडतंय का, हे तिला न बघता कळे. पहिल्याच सकाळी वारूळवाडीच्या माळावर ती माझ्या शेजारी बसली, थोडं ऐकलं आणि कानात ओरडली, "ह्ये तर जातंच हाय!"

मग रोज सकाळी खेपेला निघायच्या आधी आमची शिकवणी सुरू झाली. चढ लागला की इंजिन थकतं. जास्त मूठ पडलेल्या जात्यासारखं अडायला लागलं की ती माझ्या गुडघ्यावर हात मारी, आणि काटा तेव्हा जिथे असेल तिथे मी तबकडीच्या काचेवर खूण करी. मग दांड्याची पाळी. वेगवेगळ्या जागी काटा नेऊन मी दांडा सारायचो आणि ती दाते किती घासले ते बोटांनी दाखवायची. पाच बोटं म्हणजे कानठळ्या. तीन म्हणजे बरं. एक म्हणजे थोडक्यात चुकलं. आणि काहीच आवाज झाला नाही तर बंद मूठ. दोन दिवस मी बोटंच बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मूठ दाखवली, तेव्हा मी मोटार माळावर थांबवून तिच्याकडे नुसता बघत बसलो. बांधावरून जाणाऱ्या लोकांना मात्र एवढंच दिसलं, की मोटारीत बसून बायको नवऱ्याला ठोसा दाखवते आहे आणि नवरा खुळ्यासारखा हसतो आहे. पिंपळवंडीपर्यंत ती बातमी गेली.

शेवटी काचेवर तीन ठिपके उरले. बायकोने लाल लाख वितळवून ते पक्के केले. खालचा ठिपका म्हणजे इंजिन अडलं, आता वरचा गिअर सोड. मधला म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन इथवर आण. वरचा म्हणजे दुसऱ्यातून पहिल्यात जाताना इथवर. गिअर चढवताना याच्या उलट, वरून काटा खालच्या ठिपक्यावर येऊ द्यायचा. बस, एवढंच. जे शिकायला मला बसऱ्याला दोन वर्षं लागली होती ते तीन लाल ठिपक्यांत मावलं, आणि मला त्याचा राग आला नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

दसऱ्याला तीन दिवस उरले होते. मी जुन्नरला जाऊन शेठना म्हणालो, "दुसरा डायवर आणायच्या आधी एक खेप माझ्यासंगं चला." ते नाइलाजाने मागच्या बाकावर येऊन बसले, तोंड आंबट करून. बायको खेडला बहिणीकडे जायचं निमित्त काढून त्यांच्या पुढच्या बाकावर, आरशात मला दिसेल अशी. मोटार खच्चून भरलेली, वर टपावर बटाटे.

मंचर मागे पडलं आणि घाट आला. काटा खाली सरकू लागला, सरकत सरकत खालच्या ठिपक्यावर आला. क्लच दाबला, दांडा मधे आणला, क्लच सोडला, पाय दाबला, काटा उसळून मधल्या ठिपक्यावर, पुन्हा क्लच, आणि दांडा सारला. आरशात पाहिलं. बायकोची मूठ बंद होती. अगदी पदराआड, पण बंद. त्यामागे शेठचं तोंड आंबटच होतं, पण वाकडं झालं नव्हतं.

अर्ध्या घाटात, सगळ्यात खड्या वळणावर, समोर मेंढरं आली. कोकणाकडे निघालेल्या धनगरांचा वाडा, म्हणजे अख्खा तांडाच, उतरत होता. शेकड्यांनी मेंढरं, मधे घोडी, घोड्यांवर बिऱ्हाडं, बाजूला कुत्री. मला मोटार थांबवावी लागली. मला ऐकू काहीच येत नव्हतं, पण आवाज दिसत होता. उतारूंनी कानांत बोटं घातली होती, धनगर तोंडाला पंजे लावून ओरडत होते, कुत्री मान वर करून भुंकत होती. शेठ काहीतरी सांगत होते आणि शेजारच्या माणसालाही ते कळत नव्हतं. धनगरांनी हातवारे करून मधून वाट काढून दिली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता भरलेली मोटार खड्या चढावर जागची उचलायची होती. इंजिन मधेच बंद पडलं तर मोटार मागे सरणार, आणि मागे मेंढरं भरली होती. मी आरशात बायकोकडे पाहिलं. तिने दोन्ही तळहात उघडे केले. तिलाही इंजिन ऐकू येत नव्हतं. त्या घाटात त्या वेळी सगळेच माझ्यासारखे झाले होते.

मी नजर काट्यावर रोवली. पहिला गिअर. काटा थोडा वर, क्लच हळू, काटा दबला, पाय दिला, काटा पुन्हा उठला. चाकं फिरली. मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि मोटार त्यांतून चालली होती. खडं वळण सरलं, काटा वरच्या ठिपक्यावर पोचताच दांडा मधे घेतला, काटा खालच्यावर उतरू दिला, आणि दांडा दुसऱ्यात सारला. हाताला दांड्याचा एवढासाही थरकाप लागला नाही. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते मला ठाऊक नाही, कारण मी ते ऐकलं नाही. बायको म्हणते, बैलगाडीच्या शर्यतीत ओरडतात तसा.

माथ्यावर टाकीत पाणी घालायला थांबलो. शेठ उतरून पुढे आले. मी खाली उतरलो नाही. ते काही बोलायच्या आत मीच बोललो, आणि बहुधा फार मोठ्याने, कारण सगळे उतारू वळून पाहू लागले. "शेठ, मी दारू पीत न्हाई. मला ऐकू येत न्हाई. दोन्ही कान गेलं. मी ह्या काट्यावर चालवतो. तुमी हौसेनं आणलेला काटा मी फेकला व्हता, माझं चुकलं."

शेठनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग आत वाकून त्या तबकडीकडे, तिच्यावरच्या तीन लाल ठिपक्यांकडे. मेंढरांनी उडवलेली धूळ काचेवर बसली होती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, काच नीट पुसली, अगदी कडेपर्यंत, आणि काहीतरी बोलले. बोलताना त्यांचं तोंड तबकडीकडे होतं, म्हणून ओठही वाचता आले नाहीत. मग ते मागच्या बाकावर न जाता माझ्या शेजारी येऊन बसले आणि हातानेच म्हणाले, चल.

खेडपर्यंत मी राजासारखा गेलो. प्रत्येक गिअरला आरशात मूठ होती, आणि खेडच्या अलीकडे तर तिने ती पदराआडून काढून सरळ डोक्यावर धरली. लोक बघोत नाहीतर न बघोत.

परतीच्या वाटेवर शेठ जुन्नरला उतरले तरी माझ्या जिवाला चैन नव्हतं. वारूळवाडीला दारात मोटार उभी करताच मी बायकोला विचारलं, "माथ्यावर काय म्हणाले गं? ठेवलं का काढलं?"

ती मोटारीतून उतरली, माझ्या उजव्या कानाशी आली, आणि या वेळी ओरडताना हसत होती. "म्हनाले, त्या मेंढरांत मला माझा आवाज ऐकू येईना, मंग ह्याला मोटार कशी ऐकू आली, ह्येच मला कळंना झालं व्हतं. आन् म्हनाले, पुन्याच्या डायवरला येऊ नको म्हनून सांगावा धाडतो. ह्याला सांगा, रोज सकाळी काच पुसायची."

मी मोटार सोडेपर्यंत एकोणीस वर्षं ती काच रोज सकाळी पुसली.